तालमीतनं केजमधे: नवीन फायटरची पहिली दोन वर्षं कशी सांभाळायची

आधीच सांगतो, मी काय मोठा मॅनेजर नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, बावीस वर्षांचा होईपर्यंत तालमीत माती अंगाला लावली, मग गुडघा गेला आणि घरच्यांनी लूमवर बसवलं. चार वर्षांपूर्वी आमच्याच तालमीतला एक पोरगा आला आणि म्हणाला, "काका, मी एमएमए करायलोय, तुम्ही माझं बघा." एमएमए म्हणजे बुक्की, लाथ, कुस्ती, गळा आवळणं सगळं चालतं ती फाईट, जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे केजमधे. काय बघायचं हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. फोन उचलायचे, कागद वाचायचे, पैसे मागायचे, असं वाटलं होतं. निम्मं खरं निघालं. बाकीचं निम्मं काम म्हणजे नाही म्हणणं. शो भरवणाऱ्या प्रमोटरला नाही, पोराला नाही, त्याच्या बापाला नाही, फ्लेक्स लावणाऱ्या दोस्तांना नाही. आता अशीच तीन-चार पोरं आजूबाजूची विचारायला येतात, प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखतंय म्हणून एकदाच लिहून ठेवतो. बॉक्सिंगवाल्यांना पण बरंचसं लागू आहे.

पोरगा तयार आहे का, हे आधी

पहिली चूक इथंच होते. पोराला वाटतं जत्रेतल्या दहा कुस्त्या मारल्या म्हणजे झालं. तसं नसतंय. कुस्तीत पाठ लागली की विषय संपला, त्यामुळं पैलवान जन्मभर पाठ वाचवायला शिकलेला असतो, पालथा पडतो आणि मान तशीच उघडी ठेवतो. केजमधे पालथं पडणं म्हणजे मागनं येऊन गळा आवळा म्हणून आमंत्रण दिल्यासारखं आहे. आणि पट काढताना, म्हणजे पाय धरून पाडताना, डोकं खाली घालून घुसायची सवय, तिला तर गिलोटिन, म्हणजे समोरनं मान काखेत धरून गळा आवळायचा डाव, टपूनच बसलेला असतो. आपल्या मुंबईचा भरत खंडारे, कुस्तीतनंच पुढं आलेला, नोव्हेंबर २०१७ मधे शांघायला यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या शोत, उतरला, समोर चीनचा साँग याडोंग, आणि पहिल्याच राउंडला गिलोटिनवर संपलं. तिथंपर्यंत पोचणं हेच केवढं मोठं होतं, त्यात त्याला नावं ठेवायची नाहीत, पण पैलवानाच्या पोरानं ती क्लिप दहा वेळा बघावी.

म्हणून माझा नियम, प्रो व्हायच्या आधी कमीत कमी पाच-सहा अ‍ॅमॅच्युअर, म्हणजे हौशी, फाईट. अ‍ॅमॅच्युअरला तीन मिनिटांचे तीन राउंड असतात, नडगीला पॅड असतात, कोपर मारायला बंदी असते. प्रोमधे पाच मिनिटांचे तीन राउंड, ग्लोव्ह चार औंसाचं म्हणजे सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही, आणि कोपर चालतं. नऊ मिनिटांचा दम आणि पंधरा मिनिटांचा दम यात किती फरक आहे ते ज्यानं उन्हाळ्यात सोलापुरात जोर मारलेत त्याला सांगायला नको. अ‍ॅमॅच्युअरला हरला तर प्रो रेकॉर्डला लागत नाही, म्हणजे शिकायची फी तिथं फुकट आहे, ती तिथंच भरून घ्या. आमच्या पोरानं दुसऱ्याच फाईटला घाई केली होती, बापानं गावात सांगून टाकलं होतं की पोरगं आता प्रोफेशनल झालं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी आठ महिने थांबवलं, तेवढे आठ महिने बाप माझ्याशी बोलला नाही.

आणखी एक बघायचं, मार खाल्ल्यावर पोरगा काय करतो. मारताना सगळेच वाघ असतात. स्पारिंगमधे, म्हणजे सरावाच्या फाईटमधे, नाकावर बसल्यावर डोळे मिटून हात फिरवतो का डोळे उघडे ठेवून मागं सरकतो, एवढं एकच बघा, कोचला विचारायची पण गरज पडत नाही.

कागद

वय अठराच्या खाली असेल तर काही सही करू नका, आपल्याकडं अज्ञान मुलाचा करार कायद्यानं उभाच राहत नाही आणि प्रो फाईटही करायची नसते. आधारवरचं, शाळेच्या दाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव-जन्मतारीख एक आहे का बघा. आमच्याकडं दाखल्यावर वडलांचं नाव एक आणि आधारवर एक, ते दुरुस्त करण्यात तीन महिने गेले. पासपोर्ट पहिल्याच महिन्यात काढा, बाहेरची फाईट ऐन वेळी येते आणि तेव्हा तत्कालला पळावं लागतं.

मॅनेजर म्हणून तुमचा आणि पोराचा करार लेखी पाहिजे, जरी तुम्ही त्याचे सख्खे मामा असला तरी. उलट मामा असला तर जास्त पाहिजे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या स्टॅम्पची जागा पाचशेनं घेतली, तेवढा खर्च करा. एक वर्षाचा करा, लांबवायचा तर परत बसून. टक्के किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. ब्रिटनच्या बॉक्सिंग बोर्डाकडं मॅनेजरला २५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, अमेरिकेत काही ठिकाणी तिसरा हिस्सा. ते आकडे बघून लाळ गाळू नका, तिथं पर्स, म्हणजे फाईटचे मिळणारे पैसे, पण तसली असते. मी पहिल्या तीन फाईटला शून्य घेतलं, नंतर पर्सच्या दहा टक्के, आणि ते पण खर्च वजा करून. पोराच्या दुसऱ्या नोकरीच्या पगाराला हात लावायचा नाही हे कागदावर लिहून घेतलं.

प्रमोटरचा करार आला की ज्या गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात असतात तिथं जास्त वेळ द्या. किती फाईट आणि किती महिन्यांत, कारण "तीन फाईट" एवढंच लिहिलं आणि मुदत नसली तर ते तुम्हाला तीन वर्षं लटकवू शकतात. दुसरीकडं लढायला बंदी आहे का, असेल तर वर्षात किमान दोन तरी फाईट द्यायचं ते कबूल करतात का. बेल्ट जिंकला तर करार आपोआप वाढतो का. दुखापतीचे महिने मुदतीत धरतात का वरनं जोडतात. समोरचा पळून गेला आणि फाईट रद्द झाली तर काही मिळणार का, वजन करून उतरल्यावर रद्द झाली तर पूर्ण का अर्धं. ब्लड रिपोर्ट, रेल्वे, लॉज, कोपऱ्यातल्या दोन माणसांची तिकिटं कुणाची. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, नवीन पोरांना तिकिटं विकायला लावतात, "पन्नास तिकिटं तुझी" असं, ते पर्समधनं कापणार का. पुण्या-मुंबईच्या शोला सोलापूरची पन्नास माणसं कुठनं नेणार, सांगा.

आपल्या १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टात कलम २७ आहे, एखाद्याला धंदा करायलाच बंदी घालणारा करार टिकत नाही, पण करार चालू असेपर्यंतची बंदी कोर्टं बऱ्याचदा मान्य करतात, त्यामुळं "काय होतंय बे, कोर्टात टिकणार नाही" म्हणणाऱ्या मित्राचं ऐकून सही करू नका. वकिलाला दोन हजार द्या. आणि प्रमोटरचाच माणूस तुमचा मॅनेजर होतो म्हणाला तर हात जोडा. अमेरिकेत बॉक्सिंगमधे हेच फार झालं म्हणून २००० साली मुहम्मद अलीच्या नावानं कायदा केला, प्रमोटरनं फायटरच्या मॅनेजरीत हिस्सा ठेवायचा नाही असा. आपल्याकडं तसला कायदा नाही, म्हणजे अक्कल आपली आपणच वापरायची.

लायसनचं थोडक्यात, प्रो बॉक्सिंगला इंडियन बॉक्सिंग कौन्सिलचं लायसन लागतं. एमएमएला असं एक बोर्ड नाही, प्रत्येक प्रमोशन आपापलं बघतं, त्यामुळं डॉक्टर आहे का, अ‍ॅम्ब्युलन्स दारात उभी राहणार का, हे तुम्हीच विचारायचं. विचारल्यावर समोरचा चिडला तर उत्तर मिळालं.

मेडिकल

एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी, रक्ताचा साधा रिपोर्ट, ईसीजी, डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासणं, आणि एकदा तरी डोक्याचा एमआरआय. प्रमोटर मागो न मागो. एमआरआय महाग पडतो पण पहिल्या फाईटच्या आधीचा एक असला की पुढं काही झालं तर डॉक्टरकडं ताडून बघायला काहीतरी असतं. सगळे रिपोर्ट फोनमधे पीडीएफ करून ठेवा आणि तारखा लिहा, कारण रक्ताचे रिपोर्ट जुने चालत नाहीत.

मेडिक्लेमची पॉलिसी काढून निवांत बसला असाल तर ती परत उघडा. धोकादायक खेळात प्रोफेशनल म्हणून भाग घेतल्यामुळं झालेला खर्च वगळला, असं कलम आपल्याकडच्या पॉलिसीत छापलेलं असतं. पोरगा हौस म्हणून खेळत होता तोवर वेगळं, पर्स घेतली की वेगळं. कंपनीकडनं मेलवर उत्तर घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

जोड लावणं

आता मुख्य विषय. आपल्या फडावर जोड कशी लागते आठवा. दोन पैलवान उभे करतात, वस्ताद लोक वजन-उंची डोळ्यानं मोजतात, कुणी कुणाला मागं काय केलंय ते आठवतात, मग दोघांचे हात वर करून जोड जाहीर. वाईट जोड लागली तर लोक आरडाओरडा करतात. मॅचमेकरचं काम हेच आहे, फक्त तो फडाचा नसतो, प्रमोटरचा असतो. त्याच्याकडं एक गावातला लाडका फायटर असतो आणि त्याच्याकडनं हरायला कुणीतरी बाहेरचा पाहिजे असतो. सोलापूरचा पोरगा म्हटलं की तुम्ही बऱ्याचदा तो बाहेरचा असता. हे कळलं की निम्मी लढाई झाली.

फोन आल्यावर मी सात-आठ गोष्टी विचारतो आणि वहीत लिहितो. नाव काय, रेकॉर्ड किती, टॅपोलॉजी किंवा शेरडॉग या रेकॉर्डच्या वेबसाइटवर सापडतो का, बॉक्सिंग असेल तर बॉक्सरेकवर. उजवा का डावरा. मागची फाईट कधी आणि कशी संपली. कुठल्या वजनाला लढायचा, कारण वरच्या वजनातनं खाली आलेला असेल तर फाईटच्या रात्री आपल्यापेक्षा पाच किलो जड असणार. किती दिवस आहेत तयारीला. मग व्हिडिओ. व्हिडिओ नाही तर फाईट नाही, पहिल्या पाच फाईटपर्यंत यात सूट देत नाही.

रेकॉर्डला भुलू नका. ५-० वाला, म्हणजे पाच जिंकलेला, एकही न हरलेला, कधीकधी पाच मेलेल्या माणसांना मारून आलेला असतो आणि ४-७ वाला असा असतो की त्यानं सात चांगल्यांशी तीन-तीन राउंड काढलेत. इंग्लंडमधे पीटर बकली नावाचा बॉक्सर होता, ३०० फाईट केल्या आणि त्यातल्या २५६ हरला, २००८ ला थांबला. धंदाच तो, चढत्या पोरांची परीक्षा घ्यायची, फार मार खायचा नाही आणि पुढच्या आठवड्यात परत उभं राहायचं. अशा माणसाबरोबर एक फाईट म्हणजे सहा महिन्यांची शाळा. आपल्याकडं तसले लोक कमी आहेत, पण आहेत, ओळखायला शिका.

पहिल्या सहा-सातांचा माझा हिशोब असा. पहिली फाईट अशी की पोरगा त्याच्या एका ताकदीवर जिंकेल, पैलवान असेल तर समोर असा पाहिजे की ज्याला पट थांबवता येत नाही. दुसरी तशीच पण थोडा उंच माणूस. तिसरीला असा द्या जो लवकर पडत नाही, म्हणजे पंधरा मिनिटं काढायला लागतील. चौथीला डावरा. पाचवी जमिनीवर चांगला खेळणारा. मधे एखादी पडली तर परत एक पायरी खाली. बॉक्सिंगवाल्यांनी चार राउंड, मग सहा, मग आठ असं चढायचं, सहा राउंड दोन-तीनदा नीट काढल्याशिवाय आठाला हात लावायचा नाही. विजेंदर सिंग बघा, ऑलिंपिक मेडल घरात असताना १० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरला पहिली फाईट केली ती चार राउंडचीच, तिसऱ्याला संपवली, आणि डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिकचा बेल्ट जुलै २०१६ ला दिल्लीत, तो सातव्या फाईटला. म्हणजे मेडलवाल्याला पण सहा पायऱ्या लागल्या. युक्रेनचा बॉक्सर लोमाचेन्को तर दोन ऑलिंपिक गोल्ड घेऊन आला आणि २०१४ मधे दुसऱ्याच प्रो फाईटला जगाचा बेल्ट मागितला, समोर ओरलँडो सालिडो, मुरलेला, वजन पण भरलं नव्हतं त्याचं, खाली-वर मारून मारून पोराला दमवला आणि पॉइंटवर घेतला. लोमाचेन्को पुढच्याच फाईटला सावरला कारण तो लोमाचेन्को होता. आपलं पोरगं सावरेल का, ते तुम्ही ठरवा.

ऐन वेळचे फोन. "आठवड्यात फाईट आहे, समोरचा जखमी झाला, डबल पैसे देतो." मला आत्तापर्यंत पाच आले. चार नाकारले. एक घेतला, पोरगा तेव्हा नुकताच वजन उतरवून दुसऱ्या एका रद्द झालेल्या फाईटमधनं मोकळा झाला होता म्हणून. जिंकला. त्यानंतर त्याला वाटायला लागलं की सगळेच घ्यावेत, आणि ती समजूत काढायला मला वर्ष लागलं.

नूरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेली लढत, तिच्याबद्दल वेगळं सांगत नाही. कुणी "जरा सांभाळून घ्या" म्हणाला की फोन ठेवायचा आणि नंबर ब्लॉक.

वजन, आणि एक रात्र

आमच्या पोराचं चालतं-फिरतं वजन ६७ आणि लढायचं बँटमवेटला, म्हणजे १३५ पाउंड, ६१.२ किलो. मी तेव्हा नवीन, सगळे करतात म्हणून आम्हीपण केलं. मे महिना, फाईट बाहेरगावी, लॉजवर वजनाच्या आदल्या रात्री अजून अडीच किलो जास्त होतं. पोरगा दोन जर्किन घालून बाथरूममधे बसला, गिझरचं गरम पाणी बादलीत सोडलेलं, दार बंद, आरशावर वाफ. दर दहा मिनिटांनी टॉवेलनं अंग पुसायचं आणि काट्यावर उभं राहायचं. टॉवेल आमच्याच कारखान्याचा, पिळला की पाणी निथळायचं. रात्री दीडला तो म्हणाला, "काका, जीभ टाळूला चिकटायली." अडीचला उठून उभा राहिला आणि सरळ भिंतीला टेकून खाली बसला. डोळे उघडे होते पण बघत नव्हता. मी ओआरएस पाजलं, वजन गेलं खड्ड्यात म्हटलं. सकाळी ६२.४ आलं, समोरच्यानं पर्समधले वीस टक्के घेऊन फाईट मान्य केली, आणि दुसऱ्या राउंडला पोराचे पाय संपले. पॉइंटवर हरला. ती हार त्याची नाही, माझी आहे, वहीत तशीच लिहिलीय.

नंतर वाचलं की डिसेंबर २०१५ मधे यांग जियान बिंग नावाचा चिनी फायटर मनिलाला वजन उतरवतानाच गेला, आणि त्यानंतर तो शो भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिपनं पाणी कमी करून वजन उतरवायची पद्धतच बंद करायला लघवीची तपासणी सुरू केली. हे आधी वाचलं असतं तर त्या बाथरूमचं दारच लावलं नसतं.

आता आमची पद्धत अशी. वजनाचा गट फाईट बघून नाही, पोराचं शरीर बघून ठरवायचा. फाईटच्या चार आठवडे आधी लढायच्या वजनाच्या वर जास्तीत जास्त आठ टक्के, शेवटच्या आठवड्यात पाण्याचा खेळ तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यात बसत नसेल तर वरचा गट, आमचा पोरगा आता १४५ ला, ६५.८ किलोला लढतो आणि जेवतो पण नीट. तालमीतला खुराक, थंडाई, तूप, बदाम, दोन वेळचं मटण, हे जड वजनाच्या पैलवानाला ठीक. याला ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी, भाजी, मटण आठवड्यातनं दोनदा, रस्सा बाजूला. शेंगाचटणी शेवटच्या आठवड्यात बंद, मीठ आणि तेल दोन्ही. हे सोलापुरी माणसाला सांगणं म्हणजे काय असतं ते मला माहितेय, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याच्या आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी तिच्या घरातलं काहीतरी चोरलंय.

काटा स्वतःचा न्या, आणि पोचल्या पोचल्या त्यांच्या काट्याशी ताडून घ्या. आमच्या घरच्या काट्यात आणि त्यांच्यात एकदा चारशे ग्रॅमचा फरक निघाला होता.

गोळ्या

लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, लॅसिक्स वगैरे, देऊन वजन उतरवायचा सल्ला जिममधे सर्रास मिळतो. डोपिंगच्या यादीत त्या बंद आहेत, आणि आधीच पाणी कमी असलेल्या पोराला त्या देणं म्हणजे किडनीशी वैर. भूक वाढवायच्या आणि "अंग भरायच्या" म्हणून ज्या सुट्ट्या गोळ्या मिळतात त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. सप्लिमेंटचा डबा घेतला तर बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. डॉक्टरनं साधं सर्दीचं औषध लिहिलं तरी नाडाच्या, म्हणजे डोपिंग बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, यादीत तपासा.

पैसा

पहिल्या फाईटचा खरा हिशोब देतो, लाजण्यासारखं काही नाही. पर्स १५,००० रुपये. रक्त-डोळे तपासणी ४,२००, तिघांचं रेल्वेचं जाणं-येणं ३,६००, दोन रात्री लॉज ४,८००, खाणं २,५००, डेंटिस्टकडनं दाताच्या मापाचा माउथगार्ड १,८००. बेरीज १६,९००. म्हणजे जिंकून आलो आणि १,९०० रुपये खिशातनं गेले. आणि हे झालं तीन महिन्यांचा खुराक, जिमची फी न धरता. त्यामुळं पोराची नोकरी सोडवू नका. आमचा पोरगा सकाळी चादरीच्या दुकानात डिलिव्हरी बघतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी सराव. पहिली दोन वर्षं हेच धरून चला.

पैसे बँकेतच घ्या. रोखीत मिळाले की बरं वाटतं पण पुढं कर्ज, व्हिसा, काहीही काढायचं तर उत्पन्न कुठं दाखवणार. पर्स मोठी झाली की दहा टक्के टीडीएस कापतील, रिटर्न भरलं की बसत असेल तर परत मिळतो, पण त्यासाठी पॅन करारावर बरोबर पाहिजे. एका शोच्या आयोजकानं आमचे वीस हजार सात महिने ठेवले. चूक माझी, "फाईटनंतर" एवढंच लिहून घेतलं होतं, तारीख नव्हती. आता निम्मे वजनाच्या दिवशी आणि निम्मे फाईटनंतर ४८ तासांत, असं लिहूनच घेतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, पैसे मागताना मॅनेजरनं लाजायचं नसतं, पोरगा लाजेल म्हणूनच तर तुम्ही आहात.

स्पॉन्सर. आमचा पहिला स्पॉन्सर माझाच व्याही निघाला, त्यानं पैसे नाही, दोनशे टॉवेल दिले. विकून नऊ हजार आले. हसू नका, त्यात पुण्याला दोन आठवड्यांचा सराव झाला, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून जायचं आणि तिथल्या जिममधे मित्राच्या खोलीवर राहायचं. सोलापुरात त्याच्या वजनाचे स्पारिंगला दोनच जण आहेत, त्या दोघांनाच मारून मारून पोरगा किती शिकणार. स्पॉन्सरला काय देणार ते आधी ठरवा, शॉर्ट्सवर नाव, दोन व्हिडिओ, दुकानात एक चक्कर. पुढाऱ्याचा फ्लेक्स घेऊ नका, एकाचा घेतला की चार चौक बंद होतात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत पोराला जिथं तिथं नारळ फोडायला बोलावतात, तो पंधरवडा सराव बुडतो हे धरूनच मी फेब्रुवारीची फाईट घेत नाही.

फाईटची रात्र

इथं फार लिहीत नाही, कोचचं काम आहे. तुमचं काम, चावी, पाणी, आयडी, रिपोर्टची फाईल, जादा माउथगार्ड आणि तोंड बंद. हात बांधताना शेजारी बसा. गॉज मनगटावर तीन वेढे, अंगठ्यातनं वर, गाठींवर घडी, मग बोटांच्या मधनं, मग टेप. पोराला मूठ आवळून तळहातावर मारायला सांगायचं, दुखलं तर सोडून परत. एकदा घाईत मनगटाला घट्ट बसलं होतं, पहिल्या राउंडनंतर बोटं बधिर. कटमॅन, म्हणजे जखमेचं रक्त थांबवणारा माणूस, नसेल तर व्हॅसलिन आणि थंड लोखंडी पट्टी तरी कुणाच्या हातात आहे ते बघा.

फाईट थांबवा म्हणून आत टॉवेल कुणी टाकायचा हे आधी ठरवा आणि पोराला सांगा. आमच्यात कोच टाकतो, तो नाही टाकत असं वाटलं तर मी. पोराला विचारायचं नाही, तो कधीच हो म्हणत नाही.

डोकं आणि हार

केओ (नॉकआउट) झाला, किंवा झाला नाही पण पोरगा दोनदा तेच तेच विचारायला लागला, तर त्या रात्री एकटा सोडू नका. उलटी, एका डोळ्याची बाहुली मोठी, झोपेतनं नीट उठत नाही, डोकेदुखी वाढतच जाते, यातलं एक जरी दिसलं तरी थेट मोठं हॉस्पिटल, सोलापुरात असाल तर सिव्हिल, सीटी स्कॅन. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन देऊ नका. नंतर सुट्टी, बाहेरची कमिशन्स केओनंतर ६० ते ९० दिवस फाईटला बसवतात, आम्ही ९० धरतो आणि त्यातले पहिले ३० दिवस स्पारिंग तर नाहीच, खोटंखोटं पण नाही. खरं नुकसान फाईटपेक्षा जिममधे होतं. पूर्ण ताकदीचं स्पारिंग आठवड्यातनं एकदा, फाईटच्या दहा दिवस आधी बंद. मी वहीत स्पारिंगचे राउंड मोजतो, पोराला वाटतं काका कंजूष आहे.

हरल्यावर पोरं दोन गोष्टी करतात. एक तर महिनाभर तोंड दाखवत नाहीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी रिमॅच मागतात. दोन्हीला एकच औषध, दोन आठवड्यांनी बसून व्हिडिओ बघणं, कोच, पोरगा आणि तुम्ही, फोन बाहेर. त्याला अमेरिकेचा बॉक्सर बर्नार्ड हॉपकिन्सची गोष्ट सांगा, १९८८ ला पहिलीच प्रो फाईट हरला आणि पुढं मिडलवेटचा बेल्ट वीस वेळा राखला. आणि पुढची फाईट सोपी घ्या, कुणी हसलं तरी.

दुसरा दिवस

टाके पडले असतील तर चेहऱ्याचे साधारण पाच दिवसांनी निघतात, तारीख डॉक्टरकडनं लिहून घ्या, नाहीतर पोरगा स्वतःच ब्लेडनं काढतो, आमच्यानं काढले होते. शोचा व्हिडिओ मागून घ्या. आणि वेबसाइटवर रेकॉर्ड बघा, निकाल, राउंड, नावाचं स्पेलिंग. आमच्या पोराच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलं आणि एका जागी त्याची दोन पानं तयार झाली, एकावर २-० आणि एकावर १-१, मॅचमेकरला ज्यावर हरलेला दिसेल तेच तो धरणार. ते दुरुस्त करायला मेलवर मेल, करार, फोटो पाठवावे लागले. परवाच्या फाईटनंतर परत येताना गाडीतच मी ते काम करत बसलो होतो, कुर्डुवाडी गेली होती, पोरगा भुवईवर पट्टी लावून समोरच्या बर्थवर, झोपला असेल वाटलं.

"काका, पुढची कधी?"

"टाके निघू दे बे आधी."